‘कुकी’ आणि वापरकर्त्याची संमती : एक विधिविषयक विवेचन

एखादे युरोपीय संकेतस्थळ उघडले की मजकुराच्या आधी एक चौकट पुढे येऊन उभी राहते व ‘कुकी’ स्वीकारण्याविषयी विचारणा करते, हा अनुभव आता बहुतेक वाचकांच्या परिचयाचा झाला आहे. त्या चौकटीतील सर्वांत ठळक कळ दाबून माणूस मोकळा होतो. परंतु ती कळ दाबणे हे कायद्याच्या दृष्टीने एक कृत्य आहे, त्यास संमती असे नाव आहे, आणि त्या संमतीवाचून काही गोष्टी करण्यास संकेतस्थळाच्या चालकास मनाई आहे, याची जाणीव फार थोड्यांस असते. चालकांच्या पक्षीही या बाबतीत दोन परस्परविरुद्ध समज रूढ झालेले दिसतात. कुकी म्हटली की संमती घेतलीच पाहिजे, हा एक. आणि कुकीमध्ये कोणाचे नाव-गाव नसेल तर संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही, हा दुसरा. हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि ते चुकीचे का, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. विवेचनासाठी मुख्यतः युरोपीय संघाचा कायदा घेतला आहे. हा प्रश्न तेथेच प्रथम कायद्याच्या कक्षेत आला व न्यायालयांनी त्याचा खल केला. आपल्याकडील २०२३ च्या अधिनियमाचा विचार त्यानंतर केला आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेणे अवश्य आहे. महाजालावर ज्या पद्धतीने पृष्ठे मागवली व पाठवली जातात, तिचा मूळ स्वभाव विस्मरणशील आहे. सर्व्हरने एक पृष्ठ पाठवले की ते कोणास पाठवले याची त्यास आठवण राहत नाही. त्याच व्यक्तीने दुसऱ्या क्षणी दुसरे पृष्ठ मागितले तर ती त्याच्या दृष्टीने सर्वस्वी नवी व्यक्ती असते. असा दुकानदार व्यवहारास निरुपयोगी होय. गिऱ्हाइकाने पहिली वस्तू पिशवीत टाकून दुसरीकडे हात केला की पहिली कोणाची, हे तो विसरणार. ही अडचण दूर करण्यासाठी नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली या अभियंत्याने १९९४ मध्ये कुकीची योजना केली. देवळाबाहेर पादत्राणे ठेवून घेणारा माणूस आपल्या हाती एक क्रमांकाचा बिल्ला देतो. त्यास आपले नाव ठाऊक नसते, चेहराही लक्षात राहत नाही, परंतु बिल्ला दाखवताच तो नेमका आपलाच जोड काढून देतो. कुकी म्हणजे असाच बिल्ला. सर्व्हर तो वापरकर्त्याच्या ब्राउझरकडे सोपवतो. ब्राउझर तो आपल्या संगणकावर अगर भ्रमणध्वनीवर जपून ठेवतो, आणि त्याच सर्व्हरकडे पुन्हा जाताना न विसरता दाखवतो.

येथपर्यंत आक्षेपार्ह असे काहीच नाही. प्रश्न निर्माण झाला तो पुढील कारणाने. आपणांस दिसणारे पृष्ठ एक असले तरी त्याचे भाग अनेक ठिकाणांहून आलेले असतात : मजकूर वृत्तपत्राच्या सर्व्हरवरून, तर बाजूची जाहिरात जाहिरात-कंपनीच्या सर्व्हरवरून. त्या दुसऱ्या सर्व्हरलाही आपला बिल्ला देता येतो, आणि तीच कंपनी सहस्रावधी संकेतस्थळांवर जाहिराती पुरवत असल्यामुळे तो एकच बिल्ला सर्वत्र ओळखला जातो. देवळातील बिल्ला पुढे भाजीबाजारात, ग्रंथालयात व डॉक्टरांच्या दवाखान्यातही पाहिला जावा, आणि प्रत्येक ठिकाणी एकाच वहीत नोंद व्हावी, तसा हा प्रकार आहे. त्या वहीत नाव नसेल. पण अमुक क्रमांकाचा मनुष्य सकाळी मधुमेहाविषयी वाचत होता, दुपारी कर्जाचे दर पाहत होता व रात्री घटस्फोटाच्या वकिलांचा शोध घेत होता, हे त्यात लिहिलेले असते. फेब्रुवारी १९९७ मध्ये कुकींविषयीचा पहिला तांत्रिक दंडक प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत स्वतः मॉन्टुली होते व अशा त्रयस्थ कुकींना आवर घालणारी तरतूद त्यात होती. ब्राउझर तयार करणाऱ्यांनी ती मनावर घेतली नाही. तंत्रज्ञांनी स्वतःहून घालू पाहिलेले बंधन पाळले गेले असते, तर पुढील कायद्याचा बराच भाग कदाचित लिहावाच लागला नसता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

आता कायद्याकडे वळू. १२ जुलै २००२ रोजी युरोपीय संघाने विद्युत्-संदेशवहनातील खासगीपणासंबंधी एक निर्देश काढला. त्याचा क्रमांक २००२/५८. या निर्देशाचे पाचवे कलम, उपकलम तिसरे, हा आपल्या विषयाचा पाया होय. त्या उपकलमात ‘कुकी’ हा शब्द नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेथे भाषा आहे ती वापरकर्त्याच्या उपकरणात माहिती साठवण्याची, अथवा तेथे आधीच साठवलेली माहिती मिळवण्याची. निर्देशाच्या प्रास्ताविकात यामागील भूमिका स्पष्ट केली आहे : वापरकर्त्याचे उपकरण व त्यातील माहिती हा त्याच्या खासगी जीवनाचा भाग असून, १९५० च्या युरोपीय मानवी हक्क-करारान्वये त्यास संरक्षण मिळावयास हवे. म्हणजे कायद्याने संगणकास घराच्या जागी मानले. तो आत येणाऱ्यास विचारतो, ‘तू कोणाच्या परवानगीने उंबरठा ओलांडलास?’ आत येऊन काय उचललेस अथवा काय ठेवलेस, हा त्यानंतरचा प्रश्न.

या भूमिकेवरून वर सांगितलेल्या दुसऱ्या समजाचे निरसन आपोआप होते. साठवलेली माहिती वैयक्तिक आहे की नाही, हा भेद या उपकलमापुरता अप्रस्तुत आहे. निनावी क्रमांक असला तरी उंबरठा ओलांडला गेलाच. तद्वतच कुकी न वापरता दुसऱ्या एखाद्या युक्तीने तेच साधले तरी सुटका नाही. पडद्याचा आकार, अक्षरवळणे इत्यादी गुणांवरून उपकरणाचा जणू अंगठ्याचा ठसा घेण्याची जी पद्धत आहे, तिलाही हे उपकलम लागू होते, असे मत युरोपातील माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यगटाने २०१४ मध्ये दिले. त्या गटाची जागा पुढे युरोपीय माहिती-संरक्षण मंडळाने घेतली, व २०२४ मधील आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत मंडळाने हीच व्याप्ती अधिक विस्ताराने मांडली.

२००२ च्या मूळ उपकलमात मात्र संमती नव्हती. वापरकर्त्यास स्पष्ट माहिती द्यावी व नकार देण्याचा अधिकार द्यावा, एवढेच त्यात म्हटले होते. नकार दिला नाही तर मोकळीक, असा त्याचा अर्थ. २५ नोव्हेंबर २००९ च्या निर्देशाने (क्रमांक २००९/१३६) हे सूत्र उलटे फिरवले : माहिती मिळाल्यानंतर वापरकर्त्याने संमती दिली असेल तरच साठवण अथवा वाचन करता येईल. सभासद-राष्ट्रांनी २५ मे २०११ पर्यंत आपापले कायदे त्यानुसार बदलावयाचे होते. परंतु दुरुस्तीच्या प्रास्ताविकात, ब्राउझरची योग्य रचना हीही संमती दर्शवू शकेल, अशा आशयाचे एक वाक्य राहून गेले, आणि त्या एका वाक्याच्या आधाराने अनेक राष्ट्रांत जुनाच व्यवहार नव्या नावाने चालू राहिला. ‘हे स्थळ वापरत राहिल्यास आपली संमती आहे असे मानण्यात येईल’ या मजकुराच्या पट्ट्या त्या काळातील होत.

संमती म्हणजे काय, हे २००२ च्या निर्देशाने स्वतः सांगितलेले नाही. त्यासाठी तो माहिती-संरक्षणाच्या सामान्य कायद्याकडे बोट दाखवतो. तो सामान्य कायदा आरंभी १९९५ चा निर्देश होता; २५ मे २०१८ पासून त्याच्या जागी २०१६ चा विनियम (क्रमांक २०१६/६७९) अमलात आला. इंग्रजी आद्याक्षरांवरून जीडीपीआर म्हणून सर्वत्र ओळखला जातो तो हाच. कुकींविषयीचे सर्व नियम याच विनियमात आहेत, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. वस्तुतः कुकींचा त्यात ओझरता उल्लेख आहे, तोही प्रास्ताविकात. संमती केव्हा हवी, याचे उत्तर २००२ चा निर्देश देतो. ती कशी हवी, याचे उत्तर २०१६ चा विनियम देतो. हा श्रमविभाग ध्यानात न घेतल्याने पुष्कळ घोटाळे होतात. उदाहरणार्थ, विनियमाच्या सहाव्या कलमात वैयक्तिक माहिती हाताळण्यासाठी संमतीखेरीज ‘न्याय्य हितसंबंध’ आदी इतर आधारही दिले आहेत. त्यांचा हवाला देऊन संमतीवाचून कुकी ठेवू पाहणारा चालक उंबरठ्यावरच अडतो. कारण ते आधार आत आल्यानंतरच्या व्यवहाराचे आहेत, प्रवेशाचे नव्हेत.

मग संमती केव्हा नको? पाचव्या कलमाच्या त्याच उपकलमात दोन अपवाद आहेत. संदेशाचे वहन करणे हाच केवळ ज्याचा उद्देश, अशी साठवण हा पहिला. तो मुख्यत्वे तांत्रिक स्वरूपाचा असून त्याविषयी फारसा वाद नाही; येणाऱ्या मागण्या अनेक सर्व्हरांत वाटून देणारी कुकी हे त्याचे नेहमीचे उदाहरण. दुसरा अपवाद अधिक महत्त्वाचा. वापरकर्त्याने स्पष्टपणे मागितलेली सेवा पुरवण्यासाठी जी साठवण सर्वथा आवश्यक आहे, तीस संमतीची गरज नाही.

या दुसऱ्या अपवादातील प्रत्येक शब्द वजन ठेवून वापरलेला आहे. एक कल्पित उदाहरण घेऊन पाहू. पुण्यातील एखादा ग्रंथविक्रेता जर्मनीत स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना पुस्तके पाठवतो, युरोमध्ये किंमती देतो व तिकडील पत्त्यांवर पार्सले धाडतो असे समजा. २०१६ चा विनियम संघाबाहेरील अशा विक्रेत्यासही तिसऱ्या कलमान्वये लागू होतो. वाचकाने एक कादंबरी व एक चरित्र टोपलीत टाकले. ती दोन्ही पुस्तके हिशेबाच्या पानापर्यंत टोपलीत टिकून राहावीत यासाठी ठेवलेली कुकी संमतीवाचून चालेल. टोपली वाचकाने स्वतः मागितलेली आहे आणि कुकीवाचून ती चालणार नाही. वाचकाने आपल्या खात्यात प्रवेश केला. तो तेथे असेपर्यंत त्याची ओळख टिकवणारी कुकीही चालेल. पृष्ठे मराठीत हवीत असे त्याने निवडले. ती निवड लक्षात ठेवणे चालेल. परक्या माणसाने चुकीचे परवलीचे शब्द घालून खात्यात शिरण्याचा वारंवार यत्न केल्यास तो ओळखण्याची कुकीही याच सदरात येते. परंतु ब्राउझर बंद केल्यानंतर पुढील महिन्यातही वाचकाची ओळख राहावी, अशी दीर्घायुषी कुकी ठेवावयाची, तर त्यास विचारले पाहिजे. ‘माझी ओळख ठेवा’ अशी एक रिकामी चौकट पुरे; ती वाचकाने स्वतः भरली की झाले. आणि तोच वाचक उद्या दुसऱ्या एखाद्या स्थळावर बातम्या वाचत असताना त्याने न घेतलेल्या त्या चरित्राची जाहिरात त्याच्यापुढे नाचावी, यासाठी ठेवलेली कुकी मात्र कोणत्याही ताणाने या अपवादात बसवता येणार नाही. ही सर्व उदाहरणे ज्या मतावर आधारलेली आहेत, ते पूर्वोक्त कार्यगटाने ७ जून २०१२ रोजी दिले असून आजही या विषयात ते प्रमाण मानले जाते.

त्या मतातून निघणारी दोन तत्त्वे विशेष ध्यानात ठेवावीत. आवश्यकता पाहावयाची ती वापरकर्त्याच्या दृष्टीने. जाहिरातीच्या उत्पन्नावाचून आमचे वृत्तपत्र चालणार नाही, सबब जाहिरातीची कुकी आवश्यक आहे, हा युक्तिवाद चालकाच्या दृष्टीने खरा असेल. परंतु वाचकाने बातमी मागितली होती, जाहिरात नव्हे. दुसरे, कसोटी कुकीची नसून हेतूची आहे. एकाच कुकीकडून दोन कामे करून घेतली व त्यांपैकी एक अपवादात बसत नसेल, तर त्या कामासाठी संमती लागतेच. बिल्ला जोड्यांसाठी दिला असेल तर प्रश्न नाही. त्याच बिल्ल्यावरून माणसाच्या येण्याजाण्याची नोंद होऊ लागली की तो निराळा बिल्ला झाला.

वाचकसंख्या मोजणाऱ्या कुकींविषयी मात्र मतभेद आहे. किती लोक आले, कोणते पान अधिक वाचले गेले, एवढेच मोजावयाचे असेल तर त्यात कोणाचे काय बिघडते? २०१२ च्या मताने याचे उत्तर तर्कास धरून दिले : धोका अल्प असेल, पण मोजणी ही वापरकर्त्याने मागितलेली सेवा नव्हे, म्हणून संमती हवी; कायदा बदलावयाचा असेल तर विधिमंडळाने बदलावा. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने केवळ चालकापुरत्या मर्यादित मोजणीस काही अटींवर सवलत दिली. संघातून बाहेर पडलेल्या ब्रिटनने २०२५ च्या अधिनियमात अशा सांख्यिकीय मोजणीसाठी स्पष्ट अपवादच निर्माण केला. प्रस्तुत लेखकास ब्रिटनचा मार्ग अधिक सरळ वाटतो. कायद्यात नसलेली सवलत अर्थान्वयाने देण्यापेक्षा ती कायद्यात लिहिणे बरे.

आता संमतीच्या स्वरूपाकडे येऊ. विनियमाच्या चौथ्या कलमाप्रमाणे संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक व निःसंदिग्ध असली पाहिजे, आणि ती उक्तीने अथवा स्पष्ट अशा कृतीने व्यक्त झाली पाहिजे. मौन, निष्क्रियता अथवा आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असे प्रास्ताविकाच्या बत्तिसाव्या परिच्छेदात नमूद आहे. या शब्दांना न्यायालयीन अर्थ प्राप्त करून देणारा निर्णय म्हणजे प्लॅनेट ४९ चा खटला होय.

त्याची हकीकत अशी. प्लॅनेट ४९ या जर्मन कंपनीने २४ सप्टेंबर २०१३ रोजी एका संकेतस्थळावर सोडतीचा कार्यक्रम जाहीर केला. भाग घेणाऱ्यास आपले नाव व पत्ता भरावा लागे. त्याखाली दोन चौकटी होत्या. पहिली रिकामी होती. ती भरणे म्हणजे कंपनीच्या पुरस्कर्त्यांनी व भागीदारांनी टपालाने, दूरध्वनीने अथवा अन्य मार्गाने जाहिराती पाठवण्यास रुकार देणे होय. या भागीदारांच्या यादीत ५७ नावे होती, आणि पहिली चौकट भरल्यावाचून सोडतीत प्रवेश नव्हता. दुसऱ्या चौकटीत आधीच खूण केलेली होती. वापरकर्त्याने ती काढली नाही तर त्याच्या संगणकावर कुकी ठेवल्या जात, व त्यांच्या साहाय्याने जाहिरातदारांच्या स्थळांवरील त्याच्या संचाराचे निरीक्षण केले जाई. जर्मनीतील ग्राहक-संघटनांच्या महासंघाने याविरुद्ध दावा लावला. फ्रांकफुर्टच्या दोन न्यायालयांतून तो सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे गेला, आणि त्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये काही प्रश्न लुक्सेंबुर्ग येथील युरोपीय न्यायालयाकडे सोपवले.

१ ऑक्टोबर २०१९ रोजी त्या न्यायालयाच्या महापीठाने निर्णय दिला. आधीच केलेली खूण न काढणे म्हणजे संमती नव्हे. कारण वापरकर्त्याने तो मजकूर वाचलाच नसेल, किंबहुना ती चौकट त्याच्या दृष्टीसही पडली नसेल, ही शक्यता उरतेच. हे उत्तर १९९५ च्या निर्देशाप्रमाणेही तेच, व २०१६ च्या विनियमाप्रमाणेही तेच. माहिती वैयक्तिक असो वा नसो, त्याने फरक पडत नाही. आणि ‘स्पष्ट व सर्वांगीण माहिती’ यात कुकी किती काळ कार्य करील व त्रयस्थांना तिच्यापर्यंत पोहोचता येईल की नाही, या दोन गोष्टींचा समावेश झालाच पाहिजे. पहिल्या चौकटीचा प्रश्न, म्हणजे सोडतीतील प्रवेशाच्या बदल्यात घेतलेली संमती मुक्त म्हणता येईल काय, हा मात्र विचारलाच गेला नव्हता. म्हणून न्यायालयाने त्यास स्पर्श केला नाही. याची खंत वाटते. कारण वादाचे खरे मूळ तेथेच आहे. २८ मे २०२० रोजी जर्मन सर्वोच्च न्यायालयाने या उत्तरांनुसार दावा निकालात काढला, आणि १ डिसेंबर २०२१ पासून जर्मनीत संमतीची अट निःसंदिग्ध शब्दांत सांगणारा स्वतंत्र कायदा आला. २००९ च्या दुरुस्तीपासून मोजल्यास त्यास बारा वर्षे लागली.

मौन म्हणजे संमती नव्हे, हे तत्त्व कायद्याच्या अभ्यासकास नवे नाही. १८६२ मधील फेल्टहाउस विरुद्ध बिंडली हा खटला आमचे विद्यार्थी पहिल्याच वर्षी वाचतात. पुतण्याचा घोडा विकत घेऊ इच्छिणाऱ्या काकाने त्यास लिहिले की, तुझ्याकडून काही उत्तर न आल्यास घोडा माझा झाला असे मी समजेन. पुतण्या गप्प राहिला. त्या मौनाने करार झाला नाही, असे न्यायालयाने ठरवले. आपल्या १८७२ च्या करार अधिनियमाचे तेरावे कलमही दोन व्यक्ती एकाच गोष्टीस एकाच अर्थाने मान्य झाल्या, तरच संमती झाली असे मानते. आता वरील दुसरी चौकट आठवावी. कंपनीच्या मनातील गोष्ट होती संचाराचे निरीक्षण. वापरकर्त्याच्या मनातील गोष्ट होती सोडत. एकाच गोष्टीस एकाच अर्थाने मान्यता येथे कोठे आहे?

संमती मुक्त असावयाची तर नकारही तितकाच सुलभ हवा. या मुद्द्यावर फ्रेंच आयोगाने ३१ डिसेंबर २०२१ च्या आदेशांनी गूगलला एकंदर १५ कोटी युरो व फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला. कारण एवढेच की, कुकी स्वीकारण्यास एक कळ पुरत होती व नाकारण्यास अनेक कळा दाबाव्या लागत होत्या. येथे एक गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. या कंपन्यांची युरोपीय कार्यालये आयर्लंडमध्ये असल्याने २०१६ च्या विनियमाखालील मुख्य अधिकार आयरिश अधिकाऱ्यांकडे जातो. परंतु फ्रेंच आयोगाने कारवाई केली ती २००२ च्या निर्देशावर आधारलेल्या आपल्या राष्ट्रीय कायद्याखाली, आणि म्हणून आयर्लंडची वाट पाहण्याचे त्यास कारण नव्हते. २०२० मधील अशाच एका आदेशाच्या प्रकरणी फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी आयोगाचा हा अधिकार मान्य केला. उंबरठ्याचा प्रश्न व घरातील व्यवहाराचा प्रश्न यांतील भेद केवळ पंडिती नव्हे, हे यावरून दिसून यावे.

‘संमती द्या, अन्यथा परत जा’ असे सांगणाऱ्या स्थळांचा प्रश्न याहून अवघड आहे. युरोपीय मंडळाने मे २०२० च्या तत्त्वांत अशी अडवणूक संमतीस मारक ठरवली, व पृष्ठ नुसते खाली सरकवणे म्हणजे संमती नव्हे, हेही स्पष्ट केले. त्याच वर्षी १९ जून रोजी फ्रान्सच्या प्रशासकीय न्यायालयाने मात्र, अशा पद्धतीवर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार आयोगास नाही, असा निर्णय दिला. पुढे तिसरा पर्याय निघाला : पैसे भरा अथवा संमती द्या. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत एवढे दोनच पर्याय बहुधा पुरेसे होणार नाहीत, असे मंडळाने एप्रिल २०२४ मध्ये म्हटले. ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याचा खासगीपणा स्वस्त, असा याचा परिणाम होण्याचा संभव आहे, हे कोणास नाकारता येईल असे वाटत नाही.

दिलेली संमती मागे घेता आली पाहिजे, व ती देण्याइतकेच मागे घेणे सोपे असले पाहिजे, असे सातवे कलम सांगते. संमती मिळाली होती हे सिद्ध करण्याचा भारही चालकावरच आहे. यातून एक गमतीदार स्थिती उत्पन्न होते : वापरकर्त्याने नकार दिला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासाठीही एक कुकीच ठेवावी लागते. ती अर्थातच संमतीवाचून ठेवता येते. एरवी नाकारणाऱ्यास प्रत्येक पानावर पुन्हा नाकारत बसावे लागेल.

सर्व जगाने हाच मार्ग पत्करलेला नाही. कॅलिफोर्नियातील १ जानेवारी २०२० पासून अमलात आलेला कायदा प्रौढ वापरकर्त्यांच्या बाबतीत आगाऊ संमती मागत नाही. आपली माहिती विकू नका, असे सांगण्याचा हक्क तेवढा तो देतो. ही २००२ च्या युरोपीय भूमिकेशी जुळणारी रीत होय. खुद्द युरोपातही संमतीच्या चौकटींचा कंटाळा आलेला आहे. २००२ च्या निर्देशाच्या जागी नवा विनियम आणण्याचा जानेवारी २०१७ मधील प्रस्ताव आठ वर्षे रेंगाळून २०२५ मध्ये सोडून देण्यात आला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने वैयक्तिक माहितीसंबंधीचे कुकींचे नियम २०१६ च्या विनियमातच घ्यावेत, नकार एका कळीत देता यावा व नकारानंतर काही काळ पुन्हा विचारू नये, असा नवा प्रस्ताव मांडला.

भारतात ‘कुकी’ डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला कायदा नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले, आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून, त्यांनुसार चालकांवरील मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अमलात यावयाची आहेत. या अधिनियमात उंबरठ्याचा प्रश्न नाही. माहिती-तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या त्रेचाळिसाव्या कलमात मालकाच्या परवानगीवाचून संगणकातील माहिती काढून घेण्याबद्दल भरपाईची तरतूद आहे खरी, पण तिचा रोख घुसखोरीवर आहे. त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक वेळी प्रथम विचारावे लागेल ते हे की, कुकीतील क्रमांकावरून व्यक्ती ओळखता येते काय? टोपलीतील पुस्तकांचा क्रमांक खात्याशी जोडलेला असेल तर उत्तर होकारार्थी येईल. केवळ वाचकसंख्या मोजणारा व दिवसाअखेर पुसला जाणारा क्रमांक असेल तर बहुधा नकारार्थी. जाहिरात-कंपनीच्या बिल्ल्याविषयी वाद होईल, आणि तो व्हावाच. नाव नसले तरी एकाच व्यक्तीस गर्दीतून वेगळी काढणे हाच त्या बिल्ल्याचा धर्म आहे.

माहिती वैयक्तिक ठरली की पुढील अटी युरोपीय अटींशी बहुतांशी जुळतात, आणि एके ठिकाणी त्यांहून कडक आहेत. सहाव्या कलमाप्रमाणे संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, निःसंदिग्ध व स्पष्ट कृतीने दिलेली तर हवीच, शिवाय ती बिनशर्त हवी. आणि ती सांगितलेल्या हेतूस आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित राहते. कलमाखाली दिलेले उदाहरण बोलके आहे : दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या एका अ‍ॅपने रुग्णाच्या भ्रमणध्वनीतील संपर्क-यादीसाठीही संमती मागितली व रुग्णाने ती दिली, तरी सल्ल्यासाठी यादी आवश्यक नसल्याने त्या भागापुरती ती संमती लागू होत नाही. म्हणजे ‘होय’ म्हटल्यानेही येथे सर्व काही होत नाही. नवव्या कलमाने अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास व त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास मनाई केली आहे. पालकांची संमती घेऊनही ते करता येणार नाही, शासनाने सूट दिली असेल तेवढी सोडून.

आणखी एक तरतूद मराठी वाचकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. संमतीची विनंती स्पष्ट व सोप्या भाषेत असावी, आणि ती इंग्रजीत अथवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय दिला जावा, असे सहाव्या कलमाचे तिसरे उपकलम सांगते. मराठी त्या अनुसूचीत आरंभापासून आहे. कोकणी १९९२ पासून आहे. तेव्हा काय साठवणार, कशासाठी साठवणार व कोणास देणार, हे साताऱ्याच्या शेतकऱ्यास अगर पेडण्याच्या गृहिणीस एका वाचनात कळेल अशा वाक्यांत कोणास तरी लिहावे लागेल. आजवर पाहण्यात आलेल्या मराठी चौकटींत बहुधा ‘कुकीज स्वीकारा’ एवढेच दोन शब्द असतात, व त्याखालील विस्तृत सूचना इंग्रजीतच राहते.